चराईबंदी

आमेरच्या त्या घरात आई कधी रुळली नाही. बाबा तार खात्यात होते. बदली जयपूरला झाली, पण शहरात क्वार्टर मिळेना, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं आमेरात दोन खोल्या आणि फरशीचं अंगण असलेलं दगडी घर भाड्यानं घेतलं. बाबा सकाळी बसनं जयपूरला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. दिवसभर आई, मी आणि छपरावरची माकडं. आईनं पहिल्याच आठवड्यात अंगणात मुगाच्या वड्या घातल्या आणि संध्याकाळपर्यंत माकडांनी नुसतं फडकं शिल्लक ठेवलं. "अमरावतीहून इतक्या दूर आणलं ते काय माकडं पोसायले?" असं ती बाबांना विचारायची. बाबा हसायचे आणि पुढच्या वेळी वड्यांवर मच्छरदाणी लावून द्यायचे. ती मच्छरदाणीही एक दिवस माकडांनी समोरच्या कडुनिंबावर नेऊन टाकली.

त्या घरात आईला मनापासून आवडणारी एकच गोष्ट होती, नारंगीचं दूध. नारंगी गुजर बाई, आमेरच्या पलीकडं तळ्याकाठच्या ढाणीत राहायची. ढाणी म्हणजे रानातली चार-सहा घरांची वस्ती. तिचा नवरा दगडाच्या खाणीत कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. घर चालायचं ते म्हशींवर. भूरी, काजळी आणि भूरीची पारडी, एवढाच तिचा संसार. सकाळी ती पितळी चरवी डोक्यावर घेऊन अर्ध्या तासाची वाट चालत यायची, पायरीवर बसून घोटभर चहा प्यायची आणि आईशी गप्पा मारायची. आई वऱ्हाडी, ती जयपूरकडची ढूंढाडी, आणि मधे दोघींनी मिळून तयार केलेली एक हिंदी, जी जगात तिसऱ्या कुणाला कळली नसती. भूरी व्यायली तेव्हा नारंगीनं पहिल्या दिवसाचा चीक लोटीभर आणून दिला. आईनं त्याचा वेलची-जायफळ घालून खरवस केला आणि अर्धा तिच्याच हातावर ठेवला. तिनं तो बोटानं दाबून पाहिला, खाल्ला आणि म्हणाली, "आ तो म्हारी भूरी छै, पण पिछाण में कोनै आवै." आमचीच भूरी, पण ओळखू येत नाही. आई कितीतरी दिवस हे वाक्य सांगत होती.

यातल्या दोन म्हशी माझ्यामुळे विकल्या गेल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला आडवळणं घेता येणार नाहीत. माझी ती सवय जुनी आहे.

बाबांना पक्ष्यांचा नाद होता. त्या काळी साहेबलोक हिवाळ्यात तळ्यांवर जायचे ते बंदूक घेऊन. आमचे बाबा दुर्बीण आणि वही घेऊन जायचे, त्यामुळे कचेरीत त्यांची थोडी थट्टा व्हायची. तळं त्यांना सापडलं ते तारेच्या खांबांमुळे. खांबांची रांग तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जायची आणि तपासणीला गेलेले बाबा खांब सोडून पाण्याकडेच बघत बसले. मग दर रविवारी आम्ही दोघं डब्यात पोळी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या घेऊन जायचो. चोच फावड्यासारखी चपटी असते तो थापट्या, शेपूट लांब असते ते तलवार बदक, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. थंडी पडली की डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस यायचे. हिमालय ओलांडून येतात, असं बाबा अशा आवाजात सांगायचे की जणू त्यांना उतरवून घ्यायला ते स्वतः गेले होते. हंस पाण्याच्या कडेला आखूड गवतात चरायचे, त्यांच्या आसपास नारंगीच्या आणि ढाणीतल्या इतरांच्या म्हशी चरत असायच्या. बाबा सगळं वहीत लिहायचे, अगदी म्हशीसुद्धा.

मला मात्र बारमाही राहणारं एक बदक आवडायचं. त्याची चोच काळी, टोकाला पिवळी आणि मुळाशी लाल ठिपका. आपल्याकडे त्याला हळदी-कुंकू बदक म्हणतात. आईला पक्ष्यांत काडीचा रस नव्हता, पण हे नाव ऐकून ती एकदा मुद्दाम बघायला आली आणि "एवढं नटून चिखलात काहून बसते बिचारी" म्हणाली. हे बदक पावसाळ्यात काठच्या उंच गवतात अंडी घालतं. तळ्याच्या पश्चिमेला गुजरांच्या देवनारायणाचं एक छोटं ठाणं होतं, चार दगड आणि एक कडुनिंब, आणि त्याच्यासमोरचा उथळ पाण्याचा कोपरा देवाचा मानलेला. चौमासा लागला की ढाणीतले लोक बोरीच्या काटेरी फांद्या रचून तो कोपरा बंद करायचे. दिवाळीनंतर गोवर्धन पूजेच्या दिवशी म्हशींची शिंगं रंगवून, वाजतगाजत ते काटे काढायचे आणि मग गुरं आत जायची. मला तेव्हा वाटायचं, देवाचं काहीतरी असेल. बाबांना तर त्यात विचारण्यासारखंही काही वाटलं नाही.

पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. श्रावणातली दुपार होती. मी आईला न सांगता एकटीच तळ्यावर गेले होते, कारण आदल्या रविवारी हळदी-कुंकवाची मादी त्या कोपऱ्यातून उडताना मी पाहिली होती आणि बाबांनी आत जाऊ दिलं नव्हतं. मी काठीनं दोन फांद्या बाजूला सारल्या आणि आत शिरले. घरटं सापडलं. गवताच्या खळग्यात पिसांच्या गादीवर आठ अंडी होती, मळकट पांढरी. मी हात लावला नाही, एवढं शिकलेली होते. बराच वेळ नुसती बघत बसले, मग दुरून कुणाची तरी हाक ऐकू आली तशी घाबरून पळत सुटले. फांद्या जागेवर ठेवल्या नाहीत. लक्षात नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण लक्षात होतं. काटे टोचत होते आणि मला घाई होती, एवढंच.

रविवारी बाबांबरोबर गेले तेव्हा त्या फटीतून एक म्हैस आत जाऊन आलेली होती. चिखलात तिचे खूर उमटले होते आणि घरट्याच्या जागी फुटलेल्या कवचांवर मुंग्या चढल्या होत्या. मी हुंदके देऊन रडले. बाबांना वाटलं, पोरीचं मन किती हळवं. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, खरं तर मी त्या मानानं मोठी होते, आणि वाटभर म्हणत राहिले, "आपण काहीतरी करू हं याचं." त्यांच्या खांद्यावर बसून, फांद्या मीच सारल्या होत्या हे सांगणं मला जमलं नाही.

बाबांनी काही केलं म्हणजे पत्र लिहिलं. त्यांचं इंग्रजी नामी होतं आणि अक्षर त्याहून. तीन रविवार बसून त्यांनी अर्ज लिहिला, तळ्याचा नकाशा काढला, पक्ष्यांची यादी जोडली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाळीच्या बाजूला बाराही महिने शेळ्यामेंढ्या चरायच्या, तिथे गवताचं पातं उरलेलं नव्हतं आणि एकही घरटं नव्हतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अर्ज पुरा झाल्यावर त्यांनी तो आईला वाचून दाखवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण ती नीट ऐकून घ्यायची. "चांगला वाटून राहिला," ती म्हणाली, "पण हा कोणाच्या विरुद्ध आहे?"

"कुणाच्याच नाही. गुरांच्या चराईविरुद्ध आहे."

"गुरं आपल्या मनानं येतात का? कोणाची तरी असतील ना. त्याले विचारलं का?"

"ते सरकार पाहील," बाबा म्हणाले आणि पाकिटाला डिंक लावला.

गुरं कुणाची ते मला ठाऊक होतं. आईलाही सुचलं असतं, पण तिनं तळं एकदाच पाहिलं होतं आणि तिच्या लेखी नारंगीच्या म्हशी म्हणजे चरवीतलं दूध. बाबांनी तर नारंगीला चार वर्षांत 'कैसी हैं' याच्यापलीकडे काही विचारलेलं नव्हतं. रोज सकाळी ज्या पायरीवर ती बसायची, तिच्यापासून दहा पावलांवरच्या टेबलाशी बसून त्यांनी तो अर्ज लिहिला. मला आता वाटतं, शिकलेल्या माणसाला दहा पावलं फार लांब असतात.

सरकारी काम सहा महिने थांबतं म्हणतात, हे मात्र लवकर झालं. कोण्या साहेबाला नकाशा आवडला असावा. दिवाळीच्या तोंडावर तळ्याला काटेरी तारेचं कुंपण पडलं, 'पशु चराना मना है' अशी पाटी लागली आणि एक चौकीदार बसला. गोवर्धन पूजेला रंगवलेल्या शिंगांच्या म्हशी कुंपणापासून परत गेल्या.

त्याच दिवशी दुपारी नारंगी आमच्याकडे आली. ती वेळ तिची नव्हती. सुट्टी असल्यामुळे बाबा घरी होते. मी पायरीशेजारी मेथी निवडत बसले होते. तिनं पदर पुढे ओढून बाबांना सांगितलं की चौकीदार म्हणतो, अर्ज तुमच्या नावाचा आहे. बाबांना वाईट वाटलं, ते खरंच चांगले होते. त्यांनी तिला समजावलं, "पक्षियों के भले के लिए है, नारंगीबाई. आपके जानवर दूसरी जगह चर लेंगे."

"दूजी जगह कठे छै, बाबूजी?"

बाबा म्हणाले, "देखिए, चौमासे में अंडे कुचल गए थे. मैंने खुद देखा है."

"बाड़ तो म्हे लगाई छी," ती म्हणाली. "भैंस आपणै आप भीतर कोनै गई." काट्यांची बाड आम्हीच लावली होती, म्हैस काही आपणहून आत शिरली नाही.

"किसी ने खोली होगी."

नारंगी माझ्याकडे बघू लागली. रागानं नाही, एखादी बाई पातेल्यातलं दूध वर येतंय का ते बघते तसं. मी मेथीची जुडी उचलली आणि चाळणी आणायच्या निमित्तानं आत गेले. आतून मला तिचा आवाज ऐकू आला, "हाँ, किसी ने खोली होगी." मग ती उठून गेली. मी चाळणी हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि आई काय झालं म्हणून विचारत राहिली.

पुढचे काही महिने दूध येत राहिलं, पण चरवी हलकी होत गेली. नारंगी चहाला बसेनाशी झाली. उन्हाळ्यात चाऱ्याचं काही जमेना तेव्हा तिनं आधी काजळी विकली, मग भूरी. पारडी आटलेल्या तळ्याच्या कुंपणाबाहेर काटक्या हुंगत फिरायची. नारंगी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आम्ही दूध दुसऱ्याकडून घेतलं. आई त्याला दूध म्हणायचीच नाही, 'ते पांढरं' म्हणायची. हे लिहिताना माझ्या समोर प्रताप नगरच्या फ्लॅटमधली दुधाची पिशवी आहे आणि माझी नात विचारते आहे, "आजी, मतलब भैंस ने अंडे तोडले, तर भैंस की गलती ना?" मी साठ वर्षं तेच स्वतःला सांगत आले.

कुंपणानंतरचा पहिला हिवाळा मोठा छान गेला. बदकं भरपूर आली आणि बाबांनी आईकडून केशराचा शिरा करवून घेतला. पुढच्या पावसाळ्यात मात्र पाणगवत वाढलं. दुर्वेसारखं काठापासून पसरत पसरत ते पाण्यावर गेलं, त्याच्या मागून पाणकणसं उठली, आणि थंडी पडेपर्यंत पाळीवर उभं राहिलं तरी पाणी दिसेना. नुसतं हिरवं कुरण, पुरुषभर उंच. रविवारी आम्ही पाळीवर बसलो होतो. उत्तरेकडून हंसांचा आवाज आला आणि बाबा उठून उभे राहिले. थवा खाली आला, तळ्याभोवती फिरला, पुन्हा फिरला. उतरायला जागा नव्हती आणि चरायला आखूड गवतही नव्हतं. तिसऱ्या फेरीनंतर ते दक्षिणेला निघून गेले. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नव्हती. त्या महिन्यात ते प्रत्येक रविवारी गेले. वहीत लिहायला चार बगळ्यांपलीकडे काही मिळालं नाही.

मग त्यांनी जुन्या वह्या काढल्या. दोन संध्याकाळी ते वाचत बसले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. 'थापटे, म्हशी डुंबतात त्या मोकळ्या पाण्यात.' 'हंस, म्हशींनी चरून आखूड केलेल्या गवतात.' हिवाळ्याच्या पानापानावर म्हशी होत्या. आणि पावसाळ्याच्या पानांवर, काटे लावलेल्या कोपऱ्यात, घरटी. "अग," ते आईला म्हणाले, "हे लोक बरोबरच करत होते. अंड्यांच्या दिवसांत गुरं बाहेर, पाहुणे यायच्या आधी गुरं आत. मी चार वर्षं लिहून ठेवलं आणि एकदाही वाचलं नाही." आई म्हणाली, "मग आता वाचलं ना. जा तिच्याकडे." तिनं टोमणा मारला नाही, याचंच बाबांना जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ढाणीवर निघाले. मी बरोबर जायचा हट्ट धरला. नारंगी नुकतीच कामावरून आली होती, हात खडीच्या धुळीनं पांढरे झालेले. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, शेजारणीकडून मागून ताक आणून दिलं. जिच्या घरी ताक मागून आणायची वेळ आम्ही आणली, तिच्या घरी ते ताक मी न पिता तसंच हातात धरून बसले. बाबांनी हात जोडले. म्हणाले, गलती मेरी है, आपसे पूछना चाहिए था. सरकारला पुन्हा लिहितो, कुंपण काढायला सांगतो. नारंगी म्हणाली, लिहा, ढाणीतल्या बाकीच्यांची गुरं तरी जातील. माझी तर विकली गेली, ती काय पत्रानं परत यायची.

तेव्हा मी बोलले. रडत नाही, धडपणे नाही, नुसतं बोलून टाकलं की काटे मी काढले होते आणि परत लावले नाहीत. बाबा माझ्याकडे वळले.

"मनै मालूम छो," नारंगी म्हणाली. "कादा में थारी चप्पल का निशान छा."

चिखलात माझ्या चपलेचे ठसे होते. अनवाणी फिरणाऱ्या ढाणीत चपलेचे ठसे आणखी कुणाचे असणार? बाबांनी विचारलं, मग त्या दिवशी सांगितलं का नाही. ती बाबांना नाही, मलाच म्हणाली, "म्हारी बात कुण सुणै? ऊं दिन मैं थारो मूंडो देखती रही. सोची, छोरी अब बोलैगी." पोर आता बोलेल, म्हणून ती माझं तोंड बघत राहिली होती.

मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी कधी वाटली नाही. परतताना आमेरचे दिवे दिसू लागल्यावर बाबांनी विचारलं, "मला तरी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही पत्र फार छान लिहिलं होतं." त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "हो, छान होतं खरं."

ते तळं पुढे कसं मोकळं झालं ते एका ओळीत सांगते. आमची बदली झाल्यावर दोन पावसाळ्यांनी कुंपण निघालं, ढाणीतल्या उरलेल्या म्हशी आत गेल्या, आणि हंस उतरू लागले आहेत असं बाबांच्या कचेरीतल्या कुणीतरी त्यांना कळवलं. त्यात नारंगीची म्हैस होती की नाही, ते त्या माणसाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मला सांगायचंय ते दुसऱ्या पत्राबद्दल. हे पत्र बाबांनी हिंदीत लिहिलं आणि टेबलाशी नाही, नारंगीच्या खाटेवर बसून. कोणत्या महिन्यात काटे लावायचे, कधी काढायचे, कोणतं गवत म्हैस आधी खाते, हे ती सांगत गेली आणि ते विचारत गेले. मग त्यांनी दौत-टाक माझ्यासमोर सरकवले आणि म्हणाले, "इथून पुढचं तू लिही. तुझ्या हातानं." मी लिहिलं की बाड मी उघडली होती, अंडी त्यामुळे फुटली, आणि माझ्या गप्प राहण्यामुळे श्रीमती नारंगी गुजर यांना दो पशु बेचने पड़े. बाबांनी ते सगळं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "ठीक है?"

नारंगी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. "ठीक तो छै," ती म्हणाली, "पण 'दो पशु' क्यूं लिख्यो? नांव छा वांका."

बाबा म्हणाले, सरकारी कागदात गुरांची नावं लिहीत नाहीत. मग स्वतःच थांबले आणि कागद माझ्याकडे परत दिला. मी 'दो पशु' खोडलं आणि त्याच्यावर, शाई फुटू नये म्हणून सावकाश, लिहिलं: भूरी और काजळी.